अथर्वच्या कमरेची सुपारी

१ जुलै २०२५, मंगळवार

अथर्वने आज सांगून टाकलं. सकाळचा चहा, मी वर्तमानपत्रात, गोदा दूध तापवत होती. 'बाबा, आता मुली बघणं बंद करा. माझं संघर्षवर प्रेम आहे. आम्ही एकत्र राहणार आहोत.'

मी विचारलं, 'संघर्ष म्हणजे तो फिजिक्स शिकवतो तो?' — जणू केमिस्ट्री शिकवत असता तर गोष्ट वेगळी होती!

दूध उतू गेलं. बापाने काहीतरी म्हणायला हवं, म्हणून मी म्हणालो, 'तू स्वतंत्र आहेस.'

गोदा शेगडी पुसता पुसता म्हणाली, 'हे काय उत्तर झालं? मुलगा आहे तो. संस्थान नाही.'

२ जुलै, बुधवार

रामकुंडावर, आमच्या गंगेवर, पूजा सांगताना आज दोनदा संकल्प चुकलो. यजमान जळगावचे. त्यांना कळलं नाही.

३ जुलै, गुरुवार

गुरुवार म्हणजे आमचं मोकळीक मंडळ. द्वारका चौकात राकेशच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात चार-पाच टाळकी, कटिंग चहा आणि सरकारला शिव्या. राकेशला टोलचा राग, जयरामला निर्यातबंदीचा — त्याची लासलगावला कांद्याची आडत आहे — आणि मला सगळ्याचाच. रामकुंडावरचा पिढीजात उपाध्या मंडळात काय करतो असं लोक विचारतात. मी सांगतो, देवाला सरकारी परवाना लागत नाही, तर माणसाला कशाला?

मंडळाचं ब्रीद मीच लिहिलंय. कॅलेंडरशेजारी चिकटवलंय: दोघांची राजीखुशी असेल तिथे तिसऱ्याने नाक खुपसू नये. या एका वाक्यावर मी वर्तमानपत्रांना किती पत्रं लिहिली! समलिंगी लोकांना गुन्हेगार ठरवणारं कलम कोर्टाने मोडीत काढलं तेव्हाही लिहिलं होतं — सरकारने कुणाच्या खोलीत डोकावू नये म्हणून. छापून आलं. गंगेवर चार उपाध्ये आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी, आणि मी ताठ मानेने फिरलो. तेव्हा ती खोली लोकांची होती. आता आमच्याच जिन्याच्या डावीकडची आहे.

आज म्हटलं, अंदाज घ्यावा. 'एका ओळखीच्यांच्या मुलाचं असं असं झालंय,' मी सुरुवात केली.

'अथर्वचं का?' जयराम म्हणाला.

मी चहा सांडला.

'गुरुजी, तुम्ही ओळखीच्यांचं म्हनता तवा ते घरचंच आसतं. मागं मूळव्याधीचं बी आसंच सांगितलं व्हतं.'

६ जुलै, रविवार

एकादशी. खिचडी खाऊन पोथ्या काढल्या. म्हटलं, शास्त्र नक्की किती रागावलंय ते तरी बघू.

माझं प्रामाणिक मत लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय. मला हे पटत नाही. वडिलांनी शिकवलं ते असं — गृहस्थाश्रम म्हणजे बाई आणि पुरुष, पुढे संतती, पुढे श्राद्ध. अख्खी साखळी. ती कडी निसटली की माझ्या पोटात गलबलतं. त्याला मी धर्म म्हणतो. गोदा त्याला अपचन म्हणते.

तर पोथीत सापडलं! पुरुषाने पुरुषाशी संग केला तर प्रायश्चित्त — अंगावरच्या कपड्यांसकट स्नान. बस. आणि त्याच दमात, दिवसाढवळ्या बायकोशी संग केला, बैलगाडीत केला, तरी तेच. कपड्यांसकट स्नान!

मी गोदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'म्हणजे रामकुंडावर रोज कपड्यांसकट बुडणारे सगळे तेच का?'

मी पोथी बांधून ठेवली.

११ जुलै, शुक्रवार

संघर्ष चहाला आला. गोदाने बोलावलं, मला न विचारता. नीटनेटका मुलगा. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, वडील नाहीत, आई सुलाबाई नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाल्या, घर उपनगर भागात. भीमजयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळतो म्हणाला. भजी खाण्यात तरबेज. मला 'काका' म्हणतो. गुरुजी म्हणत नाही, हे मी टिपलं.

मी माझा आवडता विषय काढला. सरकार जितकं लहान तितका माणूस मोठा, वगैरे. सगळेजण या वाक्यावर मान डोलावतात. हा डोलावेना.

'काका, सरकार लहान होतं तेव्हाच माझे पणजोबा काळारामाच्या दाराबाहेर सत्याग्रहाला बसले होते,' तो म्हणाला. 'दार लोकांनीच बंद केलं होतं. सरकारने नव्हे.'

अगदी सौम्यपणे म्हणाला. वर विचारलं, 'हिरवी चटणी आहे का अजून?'

माझ्याकडे उत्तर होतं. नक्की होतं. पण भजी गार होत होती.

१२ जुलै, शनिवार

उत्तर अजून आठवलेलं नाही.

१४ जुलै, सोमवार

आज गंगेवर गर्दी नव्हती. पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला. छत्रीखाली बसून माझ्या हातून लागलेली लग्नं आठवली. मंगळ असलेली एक मुलगी — तिचं आधी मातीच्या कुंभाशी लावलं. दोन बायका गेलेला देवळ्याचा एक बागाईतदार — तिसरीच्या आधी त्याचं रुईच्या झाडाशी लावलं. दरवर्षी तुळशीचं लावतोच, शाळिग्रामाशी. म्हणजे झाडाचं दगडाशी! मंगलाष्टकं खणखणीत म्हटली. दक्षिणा घेतली. पाव्हणे जेवून ढेकर देत गेले. निसर्गाच्या विरुद्ध आहे असं कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा.

दुतोंड्याकडे बघत बसलो. एक तोंड इकडे, एक तिकडे, आणि भक्त दोन्हीकडून येतात. त्याचं बरं आहे.

२० जुलै, रविवार

आता खरा पेच.

अथर्व आणि संघर्षने पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय, भाड्याने. पुढच्या महिन्याच्या एकला राहायला जाणार. आज जेवताना अथर्व म्हणाला, 'बाबा, श्रावणात सत्यनारायण घालू म्हणतो. सतराला रविवार आहे. तुम्ही सांगाल पूजा?'

मी भाताचे ढीग करत राहिलो.

'आम्ही दोघंही असू,' तो म्हणाला. 'तुम्हाला नसेल जमत तर तसं सांगा. मी दुसरे गुरुजी बोलावणार नाही. मग पूजाच नको.' पानावरून उठताना म्हणाला, 'पण मग तुम्ही त्या घरी कधी येणार, मला माहीत नाही.'

दोघं शेजारी शेजारी पाटावर. जोडीने. आणि समोर मी, पोथी घेऊन. ते चित्र डोळ्यांसमोरून जाईना.

भांडी आवरताना गोदा म्हणाली, 'तुम्ही नाही गेलात तरी मी जाणार. शिरा मी करीन. आणि परत कधी यायचं ते तिथे गेल्यावर बघू.'

गेल्या कित्येक वर्षांत ती मला एवढं शांतपणे काही बोललेली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२४ जुलै, गुरुवार

मंडळात सगळं मोकळेपणाने मांडलं. राकेश एकदम खुलला.

'सोपं आहे गुरुजी! स्वातंत्र्य म्हणजे नकाराचंही स्वातंत्र्य. त्यांनी एकत्र राहावं, त्यांची राजीखुशी. तुम्ही पूजा सांगू नये, तुमची राजीखुशी. कोण कुणावर जबरदस्ती करतोय? तत्त्वात फिट्ट बसतं.'

मला इतका आनंद झाला की सगळ्यांचा चहा मी सांगितला. धर्म शाबूत, तत्त्व शाबूत! अमुकच करा असं मला कुणी म्हणू शकत नाही — मी जन्मभर हेच तर सांगत आलो.

जयराम निघताना पायात चपला सरकवत म्हणाला, 'गुरुजी, मालावर बंदी घालायचा हक्क सरकारला बी व्हता. आपुन म्हनायचो, हक्क आसंल, पन शेतकरी मरतो त्याचं काय. आता तुम्ही घरात बंदी घालताय. घाला. हक्क हाय तुमचा.'

माझ्या पैशाचा चहा पिऊन!

२५ जुलै, शुक्रवार

जयराम आडत्या आहे. आडत्याने तत्त्वज्ञान सांगू नये. (त्याचं बरोबर आहे.)

२८ जुलै, सोमवार

सापडलं!!

पहिला श्रावणी सोमवार, गंगापूर रोडला एका डॉक्टरांकडे पूजा. डॉक्टर पाटावर, शेजारचा पाट रिकामा, बाई अमेरिकेला, मुलीच्या बाळंतपणाला. मी नेहमीसारखी पिशवीतून सुपारी काढली, म्हटलं, 'कमरेला खोचा.' बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी. माझे वडील करायचे, आजोबा करायचे. डॉक्टरांनी सुपारी खोचली आणि पूजेला सुरुवात झाली. मी आचमन सांगता सांगता थांबलो.

हजारो पूजांत मी सुपारीला बायको मानलं. देवाने मानलं. प्रसाद गोडच झाला. सुपारी चालते — तर माणूस का नाही? हाडामांसाचा, फिजिक्स शिकवणारा, चटणी मागून घेणारा माणूस?

डॉक्टर म्हणाले, 'गुरुजी, पाणी प्यायचं की सोडायचं?'

१ ऑगस्ट, शुक्रवार

अथर्व गेला. टेम्पो आला, गादी गेली, पुस्तकांची खोकी गेली. संघर्षने सगळ्यात जड खोकं स्वतः उचललं. मी जिन्यात उभा राहून 'जपून, जपून' म्हणत होतो.

संध्याकाळी दाराशी त्याच्या चपला नाहीत हे लक्षात आलं. मी त्याच्यावर रोज ओरडायचो — चपला उंबऱ्यात काढू नकोस. आज उंबरा मोकळा आहे आणि मला रडू आलं. गोदाने पाहिलं. तिने कांदा चिरायला घेतला आणि पाट माझ्याकडे सरकवला. म्हणजे निमित्त झालं.

५ ऑगस्ट, मंगळवार

सुपारीचा मुद्दा पक्का आहे, तरी हात धजत नाही. कशाची भीती? विचार केला. देवाची नाही, देव समजूतदार आहे. सरकारची तर नाहीच. भीती भाऊबंदांची. गंगेवर माझी बसायची फरशी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना चुलतभाऊ बसतात. त्यातल्या सावळीरामला कळलं तर दुपारच्या आत गोदाघाटभर होईल. 'उपेंद्रने दोन बाप्यांना जोडीने बसवलं.' यजमान फिरतील.

सरकारच्या एका अक्षरालाही न भिणारा मी, सावळीरामच्या भुवईला भितो. हे वाक्य वर्तमानपत्राला पाठवणार नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

श्रावणी. जानवं बदललं. नवं घालताना दरवर्षी वडील आठवतात. आज त्यांना मनातल्या मनात सगळं सांगितलं. नातू, संघर्ष, सुपारी. ते जसे असायचे तसेच होते — पटलं नाही त्यांना. मी म्हटलं, अण्णा, मलाही अजून पुरतं पटलेलं नाही. पण मला मुलगा हवा आहे. पटण्याची वाट बघत बसलो तर तो म्हातारा होईल.

घरी येऊन गोदाला सांगितलं, 'मी सांगणार पूजा. दोघांना जोडीने बसवून.'

वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल, निदान पाठीवर हात ठेवेल. ती म्हणाली, 'कळलं. तो नारळ सोला.'

पण नारळीभातात आज काजू होते. एरवी मला कोलेस्टेरॉलमुळे देत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मंडळात जाहीर केलं. राकेश म्हणाला, 'तुमची राजीखुशी.' जयरामने लासलगावहून गोणीभर कांदा पाठवलाय, पूजेला. सत्यनारायणाला कांदा! मी म्हटलं, श्रावण चाललाय, घरात कांदा शिरत नाही. (एक तारखेचा कांदा औषधापुरता होता.) तो म्हणाला, 'देवाला नका दाखवू. पोरांच्या घरात ठिवा. श्रावन काय जलमभर ऱ्हानार हाय का?'

१६ ऑगस्ट, शनिवार

पिशवी भरली. चौरंग, दोन नवे पाट, दोन उपरणी — दोन्ही सारखी, दुकानदाराला वाटलं जुळ्यांची मुंज आहे. केळीचे खुंट, पंचामृताची भांडी, विड्याची पानं, सुपाऱ्या. सावळीरामने विचारलं, 'कुठली पूजा?' मी म्हटलं, 'घरची.' त्याची भुवई वर गेली. जाऊ दे.

खरं सांगायचं तर स्वतःवर खूश आहे. धर्म आणि मोकळीक दोन्ही एका पिशवीत बसवले आणि पिशवी फाटली नाही. उद्या संघर्षला 'ये, बस' म्हणताना चेहरा कसा ठेवायचा याचाही विचार करून झाला. गंभीर, पण प्रेमळ. भारावून गेला तर त्याला सावरून घ्यायचं.

१७ ऑगस्ट, रविवार

आधी बसून पाणी प्यायलो. आता लिहितो.

फ्लॅट छान आहे. हॉलमध्ये एका भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब. मी समोरच्या भिंतीला चौरंग मांडला. सुलाबाई आल्या होत्या, खुर्चीत ताठ बसलेल्या, फिकट निळी साडी. मी नमस्कार केला, त्यांनी 'जय भीम' म्हटलं. गोदा स्वयंपाकघरात रवा भाजत होती आणि शेजारी संघर्ष दूध घेऊन उभा.

अथर्व सोवळं नेसून पाटावर बसला. मी दुसरा पाट त्याच्या शेजारी लावला. मुद्दाम जरा जवळ. उपरणं झटकलं, चेहरा ठरवल्याप्रमाणे केला, आणि हाक मारली, 'संघर्ष, ये. बस.'

तो दारात आला. हातात उलथनं.

'काका, मी नाही बसणार.'

मला वाटलं, लाजतोय. 'अरे बस, मी विचार केलाय सगळा. शास्त्रात मार्ग आहे.'

'काका, शास्त्रात असेल. आमच्यात नाही.'

सुलाबाई म्हणाल्या, 'गुरुजी, आमच्या घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत. ह्याच्या आजोबांनी घेतल्या, आम्ही पाळतो. हे देव आम्ही मानत नाही, आणि तुमच्या लोकांकडून विधी करून घेत नाही. मी आले ते पोराचं घर बघायला.'

'पण अथर्व म्हणाला होता...' मी अथर्वकडे पाहिलं.

'मी म्हणालो, आम्ही दोघंही असू,' अथर्व म्हणाला. 'आहे ना तो. शिरा करतोय.'

दीड महिना! पोथ्या काढल्या, कुंभ आठवला, रुई आठवली, वडिलांशी भांडलो, सावळीरामच्या भुवईशी लढलो — याला पाटावर बसू द्यावं की नाही. आणि तुला बसायचंय का, हे मी त्या मुलाला एकदाही विचारलं नाही. दोघांची राजीखुशी म्हणून ब्रीद लिहिणारा मी! त्याची खुशी मी धरूनच चाललो होतो. दार माझं, म्हणजे बाहेरचा माणूस आत यायला टपलेलाच असणार. काळारामाचं त्याने भजी खाता खाता सांगितलं होतं. मी उत्तर शोधत बसलो, ऐकलं नाही.

गोदा दारात उभी. हसू दाबत होती. तिला माहीत होतं! विचारलं तर म्हणाली, 'तुम्ही मला तरी कुठे विचारलंत?'

हात आपोआप पिशवीत गेला, सवयीने. सुपारी हाताला लागली. पण या वेळी थांबलो.

'संघर्ष,' मी विचारलं, 'अथर्वच्या कमरेला, तुझ्या जागी, ही सुपारी खोचली तर तुला चालेल का? नको असेल तर नको.'

त्याने सुपारीकडे पाहिलं. मग अथर्वकडे. अथर्वचे कान लाल झाले होते. मग आईकडे.

सुलाबाईंनी सुपारी माझ्या हातातून घेतली, चष्मा वर करून बघितली, परत दिली. 'सुपारीने काही प्रतिज्ञा घेतलेली नाही,' त्या म्हणाल्या. 'खोचा.'

संघर्ष एवढा हसला की उलथन्यावरचा रवा चौरंगावर. नैवेद्य आधीच पोहोचला.

तर अशी पूजा झाली. बायको लांब असते म्हणून सुपारी, हे मला माहीत होतं. माणूस पाच हातांवर शिरा ढवळतोय, त्याने नको म्हटलंय, म्हणून सुपारी — हे पहिल्यांदा केलं. कथा सांगताना मध्येच अथर्वचा हात कमरेशी गेला, सुपारी आहे ना बघायला. दोन-तीनदा गेला. मी पुढच्या अध्यायाचं पान उलटलं, अक्षरं नीट दिसेनात, पाठ होतं म्हणून निभावलं.

शिरा उत्तम. सुलाबाईंनी मात्र घेतला नाही. चहा घेतला. जाताना म्हणाल्या, 'घर बघितलं.' एवढंच.

१८ ऑगस्ट, सोमवार

सावळीरामला स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, 'म्हणजे बाप्याच्या जागी सुपारी? आणि बाप्या घरातच?' विचारात पडला. म्हणाला, 'चुकलंय, पण कुठे ते सापडत नाही.'

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी सुलाबाईंचा फोन. मला वाटलं, आभाराचा.

'गुरुजी, तुमचं ठरलं ते बरं झालं. हे नातं मानायचं का, माझं अजून ठरलेलं नाही. वस्तीत लोक विचारतात — पोरगं पोरात गेलं ते एक वेळ समजून घेऊ, पण बामणाच्या घरात? मी म्हटलं, बघते. रविवारी आमच्या घरी बुद्धवंदना आहे. पांढरे कपडे घालून या. पूजा सांगायची नाही, भाषण करायचं नाही, मागे सतरंजीवर बसायचं. सगळे तुम्हाला बघतील. मग मी ठरवीन.'

मी विचारलं, 'आणि मला नाही जमलं तर?'

'तर नाही. तुम्ही स्वतंत्र आहात,' त्या म्हणाल्या. 'पण गुरुजी, येणार असाल तर स्वतः या. सुपारी पाठवू नका.'